खांबांखाली

मी या सभागृहाच्या पायऱ्या एकतीस वर्षं पुसल्या.
समोर दहा खांब, पगाराच्या दिवशीच्या मुकादमांसारखे
रांगेत, पोट आत घेऊन.
लोक फोटो काढतात. काढोत बापडे.
आई शेवटपर्यंत यांना खांब म्हणाली नाही.
तिच्या लेखी खांब म्हणजे ते जुने,
ज्यांच्या जागी आता कबुतरं ऊन खातात,
ऊन असेल त्या दिवशी.

आई, बेल डथी. तागाच्या गिरणीत साचा चालवायची,
चौदाव्या वर्षापासून.
ताग बंगालहून यायचा, बोटीच्या पोटात,
आणि आजीच्या काळी
देवमाशाच्या तेलात भिजून मऊ व्हायचा.
त्याच पैशातून हे सभागृह उभं राहिलं, हेही खरं.
पुसताना कधीकधी फरशीतून तो वास यायचा.
फिनेल आहे ते, एल्स्पेथ, मोठ्या बाई म्हणायच्या.

भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्याकडे माणसांचेच गेले,
भिंतींचं काय घेऊन बसलात.
साच्यांच्या खडखडाटात बायका ओठ वाचायला शिकल्या.
आई रस्त्यापलीकडून वाचायची,
ट्रामच्या काचेतून वाचायची,
चर्चमध्ये पाद्रीबाबा स्वतःशी काय पुटपुटले, तेसुद्धा.

शनिवारी संध्याकाळी जुन्या नगरभवनाच्या खांबांखाली
अर्धं डंडी कुणाची तरी वाट बघत असायचं.
‘सातला, खांबांखाली.’ एवढंच सांगायचं,
पुढचं हवा ठरवायची.
वडील तिथेच भेटले. टोपी हातात, हाताला काम नाही.
ते बोलत राहिले, ती ओठांकडे बघत राहिली.
त्यांना वाटलं, प्रेम.
मग झालंही.
पुढे ती गिरणीत आणि ते घरी, चुलीवर किटली चढवून.
अशा नवऱ्यांना आमच्या गावात वेगळा शब्दच होता.
हसायचे लोक.
सूप मात्र त्यांच्या हातचंच.

बत्तीस साली नगरभवन पाडलं.
चौक मोकळा हवा होता, नव्या सभागृहाला
स्वतःचं तोंड दिसायला हवं होतं.
आई दोरीच्या अलीकडे उभी, मी पोटात.
पलीकडे काळ्या कोटातले नगरसेवक, माना खाली.
बघ्यांना वाटलं, प्रार्थना चालली आहे.
आईने वाचलं:
‘जेवायला उशीर होणार आज.’
आणि शेजारचा: ‘मासा असेल तर मी येत नाही.’
मग दोनशे वर्षं खाली बसली, धुळीत.
तिला आवाज आला नाही.
पायांना कळलं, म्हणायची,
आणि तूही लाथ मारलीस.

चौसष्टात बंदरावरची कमान गेली. ती मी पाहिली.
राणी आली होती, त्याची आठवण म्हणून बांधलेली.
राणी गेली निघून;
कमान शंभरावर वर्षं वाट अडवून उभी, तोंड उघडं.
तिचे दगड तिथेच गोदीत ढकलले,
वरून नव्या पुलाचा रस्ता काढला.
आता गाड्या कमानीवरून जातात.

गेल्या महिन्यात संग्रहालयाचा मुलगा आला, लेनॉक्स.
हातात पांढरे मोजे.
पोलिसाची पाठ वळताच आईने
एप्रनमध्ये टाकलेला खांबाचा तुकडा बघायला,
पावाएवढा, एका बाजूला गोलाई.
म्हणाला, काचेत ठेवू.
खाली आईचं नाव लिहू, आजी, छापील.
मी म्हटलं, आणि माझं दार?
टे नदीवरचा वारा जिन्यातून वर येतो,
दाराला हाच लागतो. साठ वर्षं हाच.
दुसरा दगड ठेवला तर सरकतो.

तो खिडकीकडे वळून काहीतरी पुटपुटला.
काचेत त्याचे ओठ दिसत होते.
मीही बेलचीच मुलगी.

चहा टाकला त्याच्यासाठी.